रविवारची खोली

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच देवरावभाऊ आले. चहा दिला, अर्धा तसाच ठेवला.
"वहिनी, यंदा मंडळाचं नाटक गावातल्याच मानसायचं करू. वडशाच्या नाटक कंपनीतून बाया आनाच्या म्हनलं त सारा पैसा तिकडंच जाते. तुमी मदत करा."
मला वाटलं तिकिटं विकायची. तर म्हणे, नाटकात काम करा! मी हसले. ते हसले नाहीत.

नाटकाच्या पैशातून समाजमंदिराची मागची खोली उघडायची त्यांच्या मनात आहे. दर रविवारी गावातल्या पोरापोरींनी तिथं यायचं. कॅरम, बाहेर व्हॉलीबॉल. आणि भंडाऱ्याहून एक समुपदेशक मॅडम येतील, ज्याला बोलायचं त्याने त्यांच्याशी बोलायचं. "कोनी बोललं त बोललं," म्हणाले. "आपल्याकडून बसाले जागा त पाहिजे."

त्यांचा मुलगा निखिल या उन्हाळ्यात गेला. पोलीस भरतीत दुसऱ्यांदा राहिला आणि आपल्या हातानं जीव दिला. देवरावभाऊ त्याचं नाव घेत नाहीत. नुसतं "आपल्याकडून" म्हणतात आणि अंगणाकडे बघत बसतात.

नाही म्हणता आलं नाही.

आम्ही बोलत होतो तेव्हा माझी लेक प्राची आत जागी होती की झोपली होती, कळलं नाही. जूनमध्ये नागपूरच्या होस्टेलातून आली, नीटचा दुसरा निकाल घेऊन, तेव्हापासून ती खोली आणि ती. दुपारी उठते. दोन घास खाते. विचारणाऱ्यांना मी सांगते, अभ्यास सुरू आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या वाट्याला कजाग सासू आली! सुनेचा छळ करणारी, तिला घराबाहेर काढणारी. शाळेत चौथीच्या पोरांवरही माझा आवाज चढत नाही. मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते खुर्चीत हसून हसून मागे गेले.

सून म्हणजे स्नेहल, प्राचीची (इथं नुसतं प्रा. लिहीन) बालवाडीपासूनची मैत्रीण. आता ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. तालमीनंतर हळूच म्हणाली, "काकू, प्राची माह्या मेसेजचं उत्तर नाई देत. पाहते मात्र. दोन निळ्या टिकल्या येतात."
मी म्हटलं, पाठवत राहा.

ह्यांना फोनवर सांगितलं. तुमसरला मिलमध्ये धानाची आवक जोरात, मागे गाड्यांचा आवाज, धड ऐकू येईना. "कोन सासू?" म्हणाले. तीनदा सांगावं लागलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नाटकाची झेरॉक्स फ्रिजवर ठेवली होती. सकाळी दिसली नाही. संध्याकाळी शाळेतून आले तर जागेवर. पानं मात्र उलटसुलट लागलेली.

तशीच राहू दिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पोळ्या करता करता वाक्यं म्हणत होते. "चालती हो माझ्या घरातून!" आतून आवाज आला,
"आई, असं कोनी घराबाहेर काढते का? तू त तिले पानी विचारून राहिली असं वाटते."

पोळी करपली. उलटायचं सुचलंच नाही.

तशीच उभी राहिले, आणखी काही म्हणेल म्हणून. मग मुद्दाम पुन्हा म्हटलं, आणखी मऊ आवाजात. आतून नुसतं "ऊंहू" आलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रा. बाहेर येऊन ओट्याजवळ पाटावर बसली. हातात झेरॉक्स. केस विंचरलेले नाहीत, पण बसली.

"पोटातून काढ आवाज. बोट दाखव. हे नाई, हे बोट. आता मी सून हाय. म्हन."

म्हटलं. पुन्हा. पुन्हा. शेवटी काय झालं कोण जाणे, एकदम असा आवाज निघाला की मांडणीतली ताटं हलली. "नीघ! नीघ माझ्या घरातून, अवदसे!" तर शेजारच्या शांताकाकू ओल्या हातानं धावत आल्या, "काय झालं वो वंदना? कायले लेकराच्या मांगं लागली?"

प्रा. हसली. तोंडावर कागद धरून हसली, खांदे हलत होते. काकूही मग हसत सुटल्या, कशाला ते न कळताच. मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझे डोळे...

काकूंना तुरीच्या शेंगा दिल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

मंडळाची सभा.

अध्यक्ष हेमराजभाऊंचं म्हणणं, नाटकाचे पैसे गावाच्या कमानीला लावू. कमान अर्धवट उभी आहे, पाव्हणे हसतात. तेही खोटं नाही. देवरावभाऊंनी खोलीचं मांडलं. जमलं नाही त्यांना नीट, मध्येच थांबत होते. मग हेमराजभाऊ म्हणाले, "देवराव, तुह्यावर जे आलं ते दुश्मनावर बी नोको. पन बाकी गावात कोनाले पाहिजे हे? सांगा बरं. कोनाच्या घरी गरज हाय?"

वाईट बोलायचं म्हणून बोलले नाहीत ते. खरंच विचारलं. पण कोणी वर बघेना. जो तो चटई बघत होता. देवरावभाऊ एकटेच उभे, रुमाल मुठीत.

मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं.

"माझ्या घरी आहे," म्हटलं. "माझी प्राची अभ्यास नाही करून राहिली. ती जूनपासून घराबाहेर पडली नाही. मला रोज शाळेतून घरी येताना भीती वाटते. मला पाहिजे ती खोली."

कोणीतरी पंख्याचं बटण बंद केलं असं वाटलं, इतकं शांत. थंडीत पंखा कुठला.

हेमराजभाऊ म्हणाले, "बसा मॅडम." आणि मग, "अर्धे कमानीले, अर्धे खोलीले. लिहून घ्या."

बाहेर देवरावभाऊंनी हात जोडले. मी त्यांचे हात खाली केले.

१ डिसेंबर, सोमवार

घरी पोचायच्या आत प्रा.ला कळलं होतं. सभेत बसून कोणीतरी ग्रुपवर टाकलं.

दारात उभी होती. काल रात्रीचं लिहायचं राहिलं, ते हे.

"तू मले विचारलं का?"
मी म्हटलं, प्राची, ऐक...
"कडी काढली तेव्हाबी नाई विचारलं. आता साऱ्या गावाले सांगून आली. तुले पाहिजे ना खोली? तू जाऊन बस."

जुलैत मी तिच्या दाराची आतली कडी काढून टाकली होती. निखिलचं होऊन थोडेच आठवडे झाले होते. ती कधी त्यावर बोलली नव्हती. मला वाटायचं, लक्षात आलं नसेल.

आज ताट तसंच.

३ डिसेंबर, बुधवार

ह्यांचा फोन. त्यांनाही कुठून तरी पोचलं. "सभेत कायले बोलली? उद्या पोरीच्या सोयरिकीले लोक काय म्हनतीन?"
मी म्हटलं, सोयरिकीला पोरगी असली पाहिजे ना.

मग ते म्हणाले, "शनिवारी येतो."

तालमीत चुकले. घरीही म्हणून बघितलं, मुद्दाम चुकीचं. आतून काही आलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी विहारात गेलो, पांढरी साडी, मेणबत्त्या. दरवर्षी प्राची बाबासाहेबांवर बोलायची, पाचवीपासून. यंदा कोणीतरी सहावीतली मुलगी बोलली, छान बोलली. ह्यांना मध्येच उठून बाहेर जावं लागलं.

घरी आल्यावर हे तिच्या दाराबाहेर खाली बसले. उकडलेल्या शेंगांची परात मांडीवर. सोलता सोलता दाराशी बोलत होते. मिलमध्ये एक मांजर पोत्यावर व्याली, मालक तो लॉट विकू देत नाही, हमाल तिला दूध आणतात. असलं काहीतरी. पोरीची समजूत नाही, सभेचं नाही. तासभर मांजर.

सोललेले दाणे वाटीत घालून वाटी दाराशी सरकवली आणि उठले.

७ डिसेंबर, रविवार

हे परत जायच्या आधी मी त्यांना म्हटलं, कडी बसवून द्या. माझ्याकडे बघत राहिले. "पक्कं?"
नव्हतं पक्कं. म्हटलं, बसवा.

पेचकस घेऊन बसवली. प्रा. पलंगावर बसून बघत होती. हे म्हणाले, "लावून पाह्य बरं, बसते का बराबर." तिने उठून लावली. आम्ही दोघं बाहेर, दार आतून बंद. हे माझ्याकडे, मी त्यांच्याकडे. मग उघडली.

"बसते," म्हणाली.

वाटी रिकामी होती.

१२ डिसेंबर, शुक्रवार

शाळा सुटल्यावर स्कूटी काढत होते, तर दुसऱ्या वस्तीवरची एक बाई कुंपणाशी थांबलेली. डोक्यावर पदर, हातात विळा, धान कापून झालं तरी लाखोळीच्या डाळीच्या वावरातून आली असेल.

"म्याडम, ते भंडाऱ्याच्या बाई कवा येनार हाये? माहा पोरगा दहावीत हाय. झोपतच नाई. कोनाले सांगू नोका."

म्हटलं, सांगणार नाही. नाव विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

काल अशाच एक पोस्टाजवळ भेटल्या होत्या. हेमराजभाऊंनी विचारलं होतं, कोणाच्या घरी. आता उत्तरं यायला लागली, पण कुंपणाजवळ, हळू आवाजात.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी उठले तर स्वयंपाकघरात प्रा. चहा टाकत होती. दोन कप काढले होते.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू खोटं नाई बोलली. पन ते माहं होतं. सांगायचं की नाई, ते माहं होतं."
"हो."
"पुढच्या वेळी विचारशील?"
"विचारीन."

आलं जास्त झालं होतं. घसा जळत होता. सगळा प्यायले.

जाता जाता म्हणाली, "दुसऱ्या अंकात 'अवदसे' नंतर थांबायचं असते. तू पळत सुटते."

११ जानेवारी, रविवार

काल नाटक झालं. आज दुपारपर्यंत झोपले. चेहऱ्यावरचा रंग अजून कानामागे आहे.

मैदान भरलं होतं. ट्रॅक्टर भरभरून आले लोक, पवनीकडून, लाखनीकडून. तणीस अंथरून, चादरी घेऊन बसले. मी पहिल्यांदा पडद्यातून बघितलं आणि वाटलं, पळून जावं. ह्यांनी सुट्टी काढली होती, पुढेच बसलेले, माझ्यापेक्षा घाबरलेले.

दुसऱ्या अंकात स्नेहलला घराबाहेर काढलं तेव्हा बायांमधून आवाज आला, "मरो ही म्हातारी!" इतका आनंद मला पगारवाढीचा झाला नव्हता. तिसऱ्यात मात्र विसरले. साफ विसरले. स्नेहल पायाशी पडलेली, बाजावाला माझ्याकडे बघतोय, आणि माझ्या तोंडून निघालं, "रड! रडून घे! मग जेवून जा." लोक हसले, मग टाळ्या पडल्या. नाटकात असं वाक्यच नाही. कजाग सासू एका वाक्यात बिघडली.

प्रा. आली नव्हती. मी सकाळीच विचारलं होतं, येतेस? "नाई." बरं, म्हटलं. पण विंगेत खुर्चीवर स्नेहलच्या धाकट्या बहिणीने मोबाइल उभा करून ठेवला होता, सुरू, घरी प्रा.ला दिसावं म्हणून. मला नंतर कळलं. घरी आले तर प्रा. जागी होती, गरम पाणी काढून ठेवलेलं. मागे उभी राहून माझ्या अंबाड्यातल्या पिना काढत होती.

"'जेवून जा' कुठून आणलं?"
"माहीत नाही."
"चांगलं होतं," म्हणाली.

देवरावभाऊंनी नाटक पाहिलं नाही. दारावर तिकिटं फाडत उभे होते, दार बंद झाल्यावरही तिथेच. निखिल दरवर्षी कोणतं ना कोणतं काम करायचा, एकदा तर हवालदार झाला होता. मी रंग न उतरवताच त्यांच्याकडे गेले. म्हणाले, "आवाज ऐकला मी तुमचा. इथंवर येत होता."

१८ जानेवारी, रविवार

अर्धे कमानीले, अर्धे खोलीले, शब्दाला जागले हेमराजभाऊ. खोलीच्या वाट्याचं पावसाळ्यापर्यंत पुरेल म्हणतात. पुढचं पुढे. कोणी म्हणतं बैलांच्या शंकरपटात चहाचं दुकान लावू, कोणी म्हणतं पुन्हा नाटक. मला कोणी कजाग काम देणार नाही आता, विश्वास उडाला.

खोली धुतली. वटवाघळं होती. चुना आम्ही बायांनीच लावला. हेमराजभाऊ येऊन दारात उभे राहिले, "पिवळा कायले नाई लावत, दुकानात पडून हाय एक डबा," म्हणाले, आणि आणूनही दिला. खोलीबद्दल अजून एक शब्द चांगला बोलले नाहीत.

१ फेब्रुवारी, रविवार

पहिला रविवार.

मॅडम सकाळच्या बसनं आल्या. मला वाटलं होतं कोणी मोठ्या, चष्म्याच्या. ही तर स्नेहलपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पाठीला सॅक. मागच्या कोपऱ्यात पडद्याआड दोन खुर्च्या. पुढे कॅरम. पोरं आली, बरीच आली, कॅरमवर तुटून पडली. पडद्याकडे कोणी बघेसुद्धा ना. त्या बाईचा दहावीतला पोरगा कोणता असेल, मी ओळखायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

मॅडम एकट्याच बसलेल्या. मी चहा नेला. मला लाज वाटत होती, सगळ्या गावाची. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी असंच असतं मावशी. मी येत राहीन."

मग देवरावभाऊ उठले. बाहेर व्हॉलीबॉलचे खांब बघत बसले होते. चप्पल काढली, आत आले, पडदा बाजूला केला आणि विचारलं, "हे पोरासाठीच हाय का? मी बसलो त चालन?"

त्या म्हणाल्या, "बसा ना, काका."

खूप वेळ बसले. आम्ही रेडिओ लावला, आतलं ऐकू येऊ नये म्हणून. पोरं कॅरम खेळत राहिली, पण सोंगट्या हळू मारत होती. बाहेर आले तेव्हा सरळ नळावर गेले, तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. जाताना एका पोराच्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

घरी प्रा.ला सांगितलं. तिनं भाजी निवडायची थांबवली.
"काका बोलले? निखिलबद्दल?"
"माहीत नाही. आम्ही रेडिओ लावला होता."
"बरं केलं," म्हणाली.

८ फेब्रुवारी, रविवार

प्रा.नं आंघोळ केली, निळा कुडता घातला. मी विचारलं नव्हतं. "चल," म्हणाली.

जूनपासून पहिल्यांदा फाटकाबाहेर. उन्हात डोळे बारीक करत होती. मी मुद्दाम शाळेचं बोलत होते, काहीही. हापशीपर्यंत ठीक. तिथं बाया होत्या. "अगं, प्राची! किती बारीक झाली वो! अभ्यास झाला का?" प्रेमानंच विचारलं त्यांनी. तिनं माझा हात धरला, घट्ट, लहानपणी धरायची तसा.

"आई, घरी."

वळलो. बायांना मी हात हलवला. घरी आल्यावर तिनं दार लावलं, कडीचा आवाज आला. मी ओट्याला धरून उभी. थोड्या वेळानं कडी निघाली. झोपली होती. दार उघडं ठेवून झोपली.

११ फेब्रुवारी, बुधवार

शाळेतून आले. प्रा. स्वतःहून म्हणाली, "हापशीवरून नाई जायचं. तळ्याच्या पाळीवरून जाता येते ना?"
येतं. लांब पडतं.
"लांबच बरं."

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. खोली बंद, अर्धं गाव यात्रेला. प्रा. थोडी हिरमुसली. मी मनात म्हटलं, हिरमुसली! हे ह्यांना फोन करून सांगितलं. हे म्हणाले, "हिरमुसली त कायले खुश होऊन राहिली?" मग त्यांनाही कळलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

पाळीवरून गेलो. तळ्यात पाणी कमी झालंय, बगळे मधोमध उभे. ती पुढे, मी मागे. दोनदा थांबली. मी पण थांबले.

समाजमंदिराशी पोचलो तर देवरावभाऊ एकटेच व्हॉलीबॉलची जाळी बांधत होते. एक टोक खांबाला, दुसरं हातात, पुरत नव्हतं. प्रा.ला बघून त्यांनी कशी आहेस, काय करतेस, काही विचारलं नाही. "पोरी, हे टोक धर जरा. वढून धरजो," म्हणाले.

तिनं धरलं. त्यांनी गाठ मारली. सैल झाली, परत मारली. स्नेहल आतून आली, शेजारी उभी राहून जाळी धरायला लागली. तिघं त्या जाळीला लटकलेले. पडद्याआड मॅडमची सॅक दिसत होती, खुर्चीला टांगलेली.

मी दारात घुटमळत होते. प्रा. म्हणाली, "आई, तू जा घरी."
"थांबते ना मी. चहा..."
"जा, आई."

रागानं नाही म्हणाली.

आले. कुकर लावला, वरण केलं. कपडे वाळत घातले. हे लिहून होईपर्यंत ऊन अंगणाच्या या टोकाला आलं. अजून आली नाही. पडद्याआड गेली की नाही, खेळतेय की नुसती बसली, की पाळीवर एकटीच आहे, काही माहीत नाही. चपला दोनदा घातल्या आणि दोनदा काढल्या.

ह्यांचा फोन वाजतोय. काय करून राहिली पोरगी, विचारतील.

सांगते, बाहेर गेली आहे.